कापड स्वस्त, शिलाई चोख

महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला मानधन तासावर मिळते, तेही दोन-तीन महिन्यांचे एकदम, आणि उन्हाळ्याच्या सुटीत मिळतच नाही. वर्गात मात्र रोज उभे राहावे लागते, आणि समोर बसलेल्या विशीतल्या मुलामुलींचे लक्ष फळ्याकडे नसले तरी शिकवणाऱ्या बाईंच्या बाहीच्या उसवलेल्या टाक्याकडे असतेच असते. पुण्यात मी हे काम धरले तेव्हा खोलीचे भाडे, बसचा पास आणि घरी मिरजेला पाठवायचे पैसे वजा जाता कपड्यांसाठी महिन्याकाठी १००० रुपयांहून जास्त काही उरत नसे. त्या हजारातच चपला, इस्त्री, फॉल-पिको आणि नात्यातल्या एखाद्या लग्नात नेसायची साडी असे सगळे बसवायचे होते. नीटनेटके राहणे एवढ्या पैशांत कोणालाही जमेल; मला ऐटीत राहायचे होते. कपड्यांची हौस मला लहानपणापासून आहे, आणि पैसे नाहीत म्हणून हौस आवरती घ्यावी हे मला कधीच पटलेले नाही. त्यामुळे ही गोष्ट मी एखाद्या अभ्यासविषयासारखी पद्धतशीर हाती घेतली, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले: हातात पैसे थोडे असतील तर कापडावर कमी आणि शिलाईवर जास्त खर्च करावा. बहुतेक लोक नेमके याच्या उलट करतात.

सुरुवात कपाट उपसण्यापासून केली. सगळे कपडे पलंगावर टाकले आणि एकेक अंगात घालून आरशासमोर उभी राहिले, तेव्हा दिसले की जे कपडे मी टाळत होते त्यांतले बरेचसे चांगल्या कापडाचे होते, पण अंगावर बसत नव्हते. तयार कुर्ता एम, एल, एक्सएल अशा ठोकळ मापांत शिवलेला असतो आणि त्या मापाचे माणूस प्रत्यक्षात क्वचितच सापडते. कुठे खांदा दंडावर उतरलेला, कुठे मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, इतका खोल की फळ्यावर लिहायला हात वर केला की कुर्ता सगळाच वर चढावा, कुठे बाही नको तिथे संपलेली, आणि कंबरेपाशी तर सगळीकडेच झोळ. या ढिगाचे मी एकाच कसोटीवर दोन भाग केले. ज्यांचा खांदा हाडावर बरोबर बसत होता ते ठेवले, बाकीचे देऊन टाकले, मग ते कितीही आवडीचे असोत. खांदा उसवायचा म्हटले की गळा, मुंढा आणि बाही असे तिन्ही पुन्हा बसवावे लागते आणि त्याची मजुरी जवळजवळ नव्या कुर्त्याच्या शिलाईइतकी होते. उलट बाजूची शिलाई आत घेणे, बाही आखूड करणे, उंची कमी करणे ही कामे ५० ते १०० रुपयांत होतात. पहिल्या महिन्याचे हजार रुपये मी एकही नवा कपडा न घेता असे अल्टर करण्यातच घातले. स्टाफरूममध्ये त्या महिन्यात मला तीन जणींनी विचारले की नवीन घेतलास का गं.

त्या विचारण्याने मला शिंप्याचे महत्त्व पटले, आणि मग कायमचा टेलर शोधणे ओघाने आले. लक्ष्मी रस्त्यावरच्या बुटिकमध्ये साध्या कुर्त्याच्या शिलाईला जे सांगतात ते ऐकून मी आल्या पावली परत फिरले. पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळघरवजा खोलीत दोन मशिने टाकून बसलेले एक काका सापडले ते विचारपूस करून. शिंपी पारखायचा तर शिवलेला कपडा उलटा करून पाहावा, हे मला माझ्या आत्याने शिकवले होते. काकांकडे दोरीवर टांगलेला कोणाचा तरी तयार कुर्ता मी त्यांची परवानगी घेऊन उलटा केला. आतल्या शिलाईला कडा उसवू न देणारे इंटरलॉक होते, दोन्ही बगलांना मार्जिन सारखे होते, आणि गळ्याला लावलेली पट्टी उरेब कापलेली होती. ही शेवटची गोष्ट फार थोडे लोक पाहतात. कापड तिरके कापून काढलेली उरेब पट्टी गोल गळ्यावर बिनसुरकुती वळते. सरळ कापलेली पट्टी मात्र वळणावर गोळा होते, आणि तो गळा कितीही इस्त्री केली तरी छातीवर उभा राहतो. कापड वाचवण्यासाठी पट्टी सरळ कापणारा शिंपी इतर ठिकाणीही असेच वाचवत असणार, असे मी गृहीत धरते. या काकांचा भाव साध्या कुर्त्याला ४५० आणि अस्तराच्या कुर्त्याला ६५० रुपये होता. मी त्यांना अंगावर उत्तम बसणारा माझा एक कुर्ता मापाला दिला आणि टेपनेही माप घ्यायला लावले. मार्जिन किती ठेवणार, असे विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "दीड इंच ठेवतो ताई. पुढे अंगानं भरलात तर परत कापड शोधत यायला नको." त्यांच्या या स्पष्टवक्तेपणाचा मला आजवर फायदाच झाला आहे.

त्यांच्याकडे कधी जायचे याचेही एक गणित आहे. गौरी-गणपतीच्या आधी, दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत कोणताही शिंपी घाईत असतो. तेव्हा दिलेला कपडा उशिरा तर मिळतोच, शिवाय तुरपाईच्या जागी मशिन मारलेली असते. आषाढात आणि पौषात लग्ने नसल्यामुळे शिंपी मोकळा असतो, निवांत बोलतो, ट्रायल देतो आणि क्वचित दोन पैसे कमीही घेतो. माझे महत्त्वाचे कपडे मी या दोनच महिन्यांत शिवून घेते. साड्यांच्या दुकानांतही आषाढात सूट लागते, आणि खादी भांडारात गांधी जयंतीपासून. वर्षभराच्या बारा हजारांतला मोठा हिस्सा त्यामुळे या ठरावीक दिवसांसाठी राखून ठेवावा लागतो, आणि दर महिन्याला तुळशीबागेतून काहीतरी आणण्याची सवय मोडावी लागते. ही सवय मोडणे मला सगळ्यांत जड गेले, कारण तुळशीबागेत नुसती फिरायला गेलेली बाई रिकाम्या हाताने परत येत नाही, असा तिथला महिमा आहे.

आता कापड. पुण्यात सुटे कापड घ्यायचे तर मी रविवार पेठेत जाते. बटणे, लेस, अस्तर हे सामान जवळच बोहरी आळीत मिळते. कापडाच्या दुकानात बसलेल्या बहुतेक बायका भाव मीटरवर विचारतात, आणि तिथेच फसगत होते, कारण पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायचा राहून जातो. मध्यम अंगाच्या बाईला पाऊण बाहीचा, गुडघ्याखाली उतरणारा कुर्ता शिवायला ३६ इंच पन्ह्याचे कापड सुमारे तीन मीटर लागते, ४४ इंचाचे अडीच मीटर, आणि ५८ इंचाचे पावणेदोन मीटर पुरते. १५० रुपये मीटरचे ३६ इंची कापड स्वस्त वाटते, पण त्याचे ४५० रुपये होतात; २४० रुपये मीटरचे ५८ इंची कापड महाग वाटते, त्याचे ४२० होतात, आणि ते बहुधा जास्त चांगल्या विणीचेही असते. हे गणित दुकानदाराला पाठ असते. गिऱ्हाइकाने "पन्हा किती?" एवढा एकच प्रश्न विचारला तरी त्याची बोलण्याची तऱ्हा बदलते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

कटपीसचा ढीग हा माझा दुसरा आधार. ताग्याच्या शेवटी उरलेले सव्वा ते दोन मीटरचे तुकडे दुकानदाराला जागा अडवतात म्हणून तो ते निम्म्या-पाऊण भावात देतो. एका तुकड्यात बहुधा कुर्ता होत नाही, पण दोन तुकड्यांत होतो, आणि अंगभर साधा निळा व छातीला आणि बाहीच्या टोकाला राजस्थानी बागरू छापाची जोड असा कुर्ता एका कापडाच्या कुर्त्यापेक्षा देखणाच दिसतो. फक्त दोन्ही कापडांचा पोत आणि वजन सारखे हवे. जाड मंगळगिरी सुती कापडाला पातळ रेयॉनचा तुकडा जोडला की दोन-चार धुण्यांत एक भाग आटतो, दुसरा लोंबतो, आणि जोडावर सुरकुत्यांची माळ उभी राहते. रेयॉनबद्दल माझे मत एकूणच चांगले नाही. दुकानात ते झुळझुळीत दिसते, अंगावर पडतेही छान, पण काही महिन्यांत त्याचा जीव जातो. रोज वापरायच्या कपड्याला ते घेऊ नये.

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला की मी कडेचा एक धागा ओढून मागते आणि बाहेर येऊन काडी लावते. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटांत चुरडली जाते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वाईटच असते असे नाही, पण पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत चार तास उभे राहून शिकवायचे असेल तर कापडात काय आहे हे माहीत असलेले बरे. रंगाची परीक्षा त्याहून सोपी: ओला पांढरा रुमाल कापडावर घासून पाहावा. रंग रुमालावर आला तर ते कापड घरीही येऊ देऊ नये. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असे दुकानात सांगतात, घरातल्या मोठ्या बायकाही सांगतात; माझा अनुभव असा की रंगवतानाच जो रंग पक्का झालेला नाही तो मिठाने पक्का होत नाही, फार तर पहिल्या धुण्यात थोडा कमी उतरतो. आणि सुती कापड शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच द्यावे. तीन ते पाच टक्के आकसणे म्हणजे अडीच मीटरला सात ते बारा सेंटिमीटर. शिवल्यावर त्याच प्रमाणात आकसले तर गुडघ्याखालचा कुर्ता गुडघ्यावर येतो.

असा हिशेब करून शिवलेला कुर्ता तयार कुर्त्यापेक्षा स्वस्त पडतो का? हातात घेताना पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ४२० चे कापड आणि ४५० ची शिलाई मिळून ८७० रुपये होतात, आणि सेलमध्ये ५०० रुपयांना तयार कुर्ता मिळतो. पण तो सहा महिन्यांत विटतो, म्हणजे आठवड्यातून एकदा घातला तर पंचवीसेक वेळा, आणि एका वेळेचे २० रुपये पडतात. माझा ८७० चा कुर्ता दोन वर्षे आठवड्यातून एकदा घालून शंभर वेळा होतो आणि एका वेळेला नऊ रुपयांच्या आत बसतो. शिवाय त्या दोन वर्षांत तो प्रत्येक वेळी अंगावर नेमका बसतो, आणि मला ऐट हवी आहे ती तिथेच असते.

सगळ्यांत श्रीमंत माल मात्र बाजारात नव्हता, मिरजेला आईच्या ट्रंकेत होता. एका सुटीत घरी गेले तेव्हा दारात बोहारीण बसली होती आणि तिच्यापुढे आईची जुनी इरकल घडी मोडून पडलेली होती. शेजारी स्टीलचे दोन डबे आणि एक पातेले. "एवढ्यावर पातेलं नाही यायचं मावशी, आणखी एक लुगडं घाला," असे बोहारीण म्हणत होती, आणि आई आत जाण्याच्या बेतात होती. मी इरकल उचलून घेतली. आई म्हणाली, "अगं, त्यात काय उरलंय? टाचेखाली सगळी झिजली आहे." तिचे खरे होते, खालचा काठ टाचेपाशी घासून फाटला होता आणि पदराला खांद्यापाशी पिनांची भोके पडली होती. पण साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. वरचा काठ, जो आयुष्यभर कंबरेत खोचलेला राहतो, तो कोरा करकरीत होता, आणि मधले अंग उजेडासमोर धरले तर कुठेही विरलेले दिसत नव्हते. बोहारणीची समजूत माझ्या दोन जुन्या जीन्सवर निघाली, आणि तिनेही पातेले दिले नाहीच, डब्यांवरच भागवले.

ती साडी पुण्याला काकांच्या मशिनवर अंथरली तेव्हा त्यांनी आधी ती सगळी हाताने चाचपली, ठिकठिकाणी दोन अंगठ्यांमध्ये धरून ताणली आणि जिथे धागा सरकतो तिथे खडूने फुली मारली. मग बेत ठरला. काठ कुर्त्याच्या घेराला खाली आणायचा तर कापड आडवे वापरावे लागते, म्हणजे साडीचा पन्हा हीच कुर्त्याची उंची होते. ती ४४ इंचांच्या वर जाऊ शकत नाही, आणि माझ्या उंचीला ती पुरते. "आणि खाली दुमड घालायची गरज नाही ताई, किनारच आहे, उसवणार कुठून?" असे काका म्हणाले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कारागिराला चांगला माल हाताशी आल्यावर दिसतो तसा आनंद होता. पुढचा-मागचा भाग आणि बाह्या मिळून साडीची सुमारे दोन मीटर लांबी लागली. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा, असतो आणि त्याचे धागे अंगाच्या धाग्यांत एकेक अडकवून जोडलेले असतात. विणकर या जोडाला टोपी-तेनी म्हणतात. त्या जोडाला हात न लावता पदर आणि त्याला लागून असलेले अंग असा तुकडा ओढणीसाठी सलग ठेवला, पिनांची भोके आतून बारीक रफू करून घेतली, आणि झिजलेला काठ कापून टाकून उरलेल्या हिरव्या अंगातून भाचीचे परकर-पोलके निघाले. अस्तरासकट माझी शिलाई ६५०, रफूचे १०० आणि भाचीचे ३००. हा कुर्ता आणि ही ओढणी घालून मी महाविद्यालयाच्या वार्षिक कार्यक्रमात निवेदन केले, आणि आमच्या विभागप्रमुख बाईंनी, ज्या सहसा कोणाच्या कपड्यांबद्दल बोलत नाहीत, त्यांनी शिंप्याचा पत्ता मागितला.

जुन्या रेशमी साडीच्या बाबतीत मात्र जपून. घडीवर ठेवून दिलेले रेशीम घडीच्या रेषेवर विरते. वरून साडी धड दिसते, आणि शिलाई मारली की सुईच्या ओळीवर फाटत जाते. अशा साडीचा कुर्ता करू नये. तिचे काठ काढून सुती ओढणीला किंवा साध्या कुर्त्याच्या बाहीला लावावेत, आणि काठाखाली मलमलीची पट्टी ठेवून शिवून घ्यावेत.

घरोघरी पडून असलेला आणखी एक साठा म्हणजे ओटीचे ब्लाउजपीस. हळदीकुंकवाला आलेले, डोहाळजेवणाला आलेले, एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहणारे हे तुकडे बहुतेक वेळा हलक्या प्रतीचे असतात, पण दहांत एखादा अस्सल टू बाय टू रुबियाचा किंवा गुळेदगुड्डच्या खणाचा निघतो. सुती असतील त्यांचे अस्तर आणि उरेब पट्ट्या होतात. खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे त्यात मोठा कपडा बसत नाही. मात्र साध्या काळ्या कुर्त्याला खणाचा योक, म्हणजे खांद्याखालची छातीवरची जोड, घातला की त्याचे रूप पालटते, आणि त्यासाठी अर्धा मीटरही पुरतो.

साडी मी आठवड्यातून एक-दोनदा नेसते, आणि साड्यांपेक्षा माझा भर ब्लाउजवर आहे. मॅचिंगच्या नादात प्रत्येक साडीला एक याप्रमाणे हलक्या शिलाईचे दहा ब्लाउज शिवण्यापेक्षा काळा, डाळिंबी आणि कोशाच्या रंगाचा असे तीन ब्लाउज उत्तम शिवून घ्यावेत. अस्तर, प्रिन्सेस कट, पाठीला नेमका खोल गळा आणि दोन्ही बाजूंना भरपूर मार्जिन. माझ्या, आईच्या आणि आत्याच्या मिळून जितक्या साड्या मी नेसते, त्या सगळ्या या तिन्हींपैकी एकावर तरी खुलतात. साडी ३०० रुपयांची असली तरी ब्लाउजची बाही दंडाला चिकटून बसलेली असेल आणि खांद्यावरून पट्टी घसरत नसेल तर बघणाऱ्याला साडीचा भाव सांगता येत नाही. सुती साडीला मी घरीच तांदळाच्या पेजेची पातळ खळ देते. निऱ्या उभ्या राहतात आणि जुन्या साडीलाही नव्यासारखा कडकपणा येतो.

रंगांचेही असेच ठरवून टाकले आहे. खाली घालायला काळे, मोतिया आणि गडद निळे एवढेच. वरचा कोणताही कुर्ता यांतल्या दोघांवर चाललाच पाहिजे, नाहीतर तो घ्यायचा नाही, मग तो अबोली असो की मोरपंखी. अडचण येते ती नवरात्रात. रोजचा रंग ठरलेला, सगळ्या जणींचा फोटो निघणार, आणि करडा किंवा जांभळा अंगावर नसला तर बाजूला उभे राहायचे, या प्रथेने कमी पगाराच्या बायकांच्या खिशाला किती चाट बसते याचा विचार कोणी करत नाही. मी त्यावर तोडगा काढला तो असा की एकच पांढरा चिकनचा कुर्ता धुऊन धुऊन घालायचा आणि ओढणी बदलायची. पांढऱ्या सुती ओढण्या घाऊक भावात आणून रंगाऱ्याकडून हव्या त्या रंगात रंगवून घेतल्या, काही मैत्रिणींशी अदलाबदल केल्या. ओढणी सुती किंवा रेशमी असावी लागते; साध्या रंगाऱ्याचा रंग पॉलिस्टरवर चढत नाही. त्याच ओढण्या पुढे वर्षभर इतर कुर्त्यांवर चालतात.

तयार कपड्यांकडे मी पाठ फिरवलेली नाही. पँट शिवून घेण्यात अर्थ नाही. ती कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर एक्स्पोर्ट सरप्लसच्या ढिगातून शोधावी. तिथे मी लेबलकडे पाहत नाही, ते बहुधा कापलेलेच असते. चौकडीच्या कापडाच्या रेघा शिलाईवर एकमेकींना जुळतात का, आत सुटे बटण टाकलेले आहे का आणि चेन अडकते का, हे पाहते. भाव सांगितल्याच्या निम्म्यापासून सुरू करावा, आणि कंबर व उंची टेलरकडून नीट करून घ्यायचे सव्वाशे रुपये मनात आधीच धरून ठेवावेत. २०२५ च्या सप्टेंबरपासून अडीच हजारांवरच्या कपड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि त्याखालच्यांवर ५, हे मला वर्तमानपत्रातून कळले. माझ्या कपाटाला ती बातमी लागू नाही.

पायांत कोल्हापुरी. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर तशाच चपला आणून स्वतःवर टीका ओढवून घेतली, आणि या दोन्ही घटनांच्या आधीपासून ती आमच्याकडे पोराबाळांच्या पायांत आहे. चांगल्या चामड्याची, हाताने शिवलेली एक जोडी घ्यावी, अधूनमधून तेल चोळावे आणि पावसाळ्यात ती कपाटात ठेवून साधी रबरी चप्पल वापरावी. अशी जोडी इरकल कुर्त्यापासून पँटपर्यंत सगळ्यावर शोभते. कानांत तुळशीबागेतले ऑक्सिडाइज्ड, आणि दागिन्यांचा विषय संपला.

जपणुकीवर खर्च नाही, पण वेळ जातो. कपडा उलटा करून धुणे, पिळे न घालता सावलीत वाळवणे, टाका उसवला की त्याच रात्री घालणे, बटण सैल झाले की पडायची वाट न पाहणे. गल्लीतला इस्त्रीवाला नगाला दहा रुपये घेतो. आठवड्याचे हिशेब करून मी चांगली इस्त्री विकत घेतली आणि तिचे पैसे वर्षाच्या आत वसूल झाले. इस्त्री कपडा थोडा ओलसर असतानाच करावी, आणि शिवणीवर उलट्या बाजूने आधी फिरवावी; शिवण दबली की कुर्ता नव्यासारखा पडतो.

सध्या कपाटावर वडिलांचा लग्नातला लोकरीचा कोट आहे. रंग गडद राखी, कापड अजून दाट, कसर लागलेली नाही, आणि मला त्यातून हिवाळ्यात साडीवर घालायचे जाकीट हवे आहे. काकांनी तो उलटसुलट पाहून परत केला. आतला कॅनव्हास आणि खांद्याचे पॅड सांभाळणे हे कोट शिवणाऱ्याचे काम आहे, मी हात लावणार नाही, असे म्हणाले, आणि लष्कर भागातल्या एका जुन्या मास्तरांकडे पाठवले. मास्तरांच्या मते खांदा दोन इंच आत घ्यावा लागेल, म्हणजे कोट जवळजवळ सगळा उसवून पुन्हा उभा करावा लागेल. मजुरी १८०० रुपये, आणि काम पौषात, एकदा लग्नाचे सूट हातावेगळे झाले की. खांद्याला हात लावायचा नाही हा माझा नियम इथे मोडतो, पण असे कापड आज विकत घ्यायचे तर त्याच्या कितीतरी पट पडेल, म्हणून श्रावणापासून महिन्याला ३०० बाजूला टाकते आहे. वडिलांनी फोनवर एवढेच विचारले की आतला खिसा राहील ना. मास्तरांना मी तसे सांगून ठेवले आहे.